धुऱ्याचा दगड

खैरटेक, तालुका आर्वी
१४ मे १९५४

आर्वीचे वकील मनोहरराव म्हणाले, बंडूजी, जे दिसेल आणि जे ऐकू येईल ते त्याच दिवशी तारखेनिशी लिहून ठेवा, एकच शाई वापरा आणि शिव्या लिहू नका. कोर्टाला शिव्या चालत नाहीत. म्हणून ही वही आणली. यात फक्त धुऱ्याच्या वादाचं लिहायचं, इतर काही नाही.

वाद असा. टेकडीच्या उतारावर वरच्या अंगाला प्रतिवादीचा संत्र्याचा बगीचा. त्याच्या खाली माझी लहानशी पट्टी. पट्टीच्या पायथ्याशी माझी मुरमाची खदान, खदानीपुढे अंगण, मग घर, आणि घरापुढे नवी सडक. बगीचा आणि पट्टीच्या मधे धुरा, म्हणजे शेतांमधला बांध. धुऱ्यावर कडुनिंब, आणि निंबाच्या बुडाशी हद्दीचा दगड. हा दगड खाली माझ्या जागेत सरकवलेला आहे.

पुरावा : दगड आणि खदानीचा काठ यांच्या मधे माझी बाज बसत असे. मी दुपारी तिथेच पडायचो. आता बाज टाकली की तिचे दोन पाय खदानीवर लोंबतात. खदान माझी स्वतःची आहे, तिच्यावर शंका घेण्याचं कारण नाही. राहिला दगड. आणि दगड आपल्या पायांनी चालत नसतो.

प्रतिवादी म्हणजे नत्थू. वकील म्हणतात, नाव लिहू नका, नावात माया राहते. एके काळी आम्ही दोघं एकाच बंडीवर होतो. मी बैल हाकायचो आणि तो मागे कापसावर झोपायचा. पुढे मी मुरमात शिरलो आणि तो संत्र्यात. अक्षरं मी जिनिंगच्या आवारात गाठींवरचे शिक्के वाचून शिकलो, त्यामुळे माझं अक्षर थोडं शिक्क्यासारखं आहे. कोर्टाने सांभाळून घ्यावं.

१७ मे

धुऱ्याचं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. स्वयंपाकघराचं मागचं दार अडकतं. सुताराने खालून तासून दिलं तेव्हा चांगलं लागत होतं. आता पुन्हा अडकतं. लाकूड ओलं दिलं लेकाने. त्याला तसं बोललो तर म्हणतो, "बंडूजी, उन्हाळ्यात लाकूड सुकते, फुगत नाई." सुतार आहे, वाद घालणारच.

कुंताबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणते की कपडे वाळत घालायची दोरी ढिली पडली. ही दोरी निंबापासून स्वयंपाकघराच्या खांबापर्यंत बांधलेली आहे. तिने गाठ सोडून दोरी ओढून बांधली. बाजारात आजकाल सगळाच माल असा येतो.

२३ मे

महत्त्वाची नोंद. माझे कान तिखट आहेत हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. जिनिंगमध्ये असताना कोणत्या यंत्राचा पट्टा सैल झाला ते मी फाटकाबाहेरून सांगत असे. आज भर दुपारी प्रतिवादीचं इंजिन थांबलं. हे इंजिन त्याने औंदा विहिरीवर बसवलं आहे, आणि संत्र्याला दिवसभर पाणी पाजतो. इंजिन थांबलं की टेकडीवर चिडीचूप होतं. पाय लोंबतात म्हणून बाज खाली अंगणात आणून मी तिच्यावर पडलो होतो. तेवढ्यात जमिनीतून आवाज आला. जात्यात खडे पडावेत तसा, घर्र, घर्र, आणि बंद. कोणी तरी जड दगड ओढत होतं.

मी चोरपावलांनी वर गेलो. निंबाखाली कोणी नव्हतं. म्हणजे मी येतो हे पाहून पळाला. या वयात इतक्या चपळाईने पळतो म्हणजे सरावाचा माणूस आहे.

२९ मे

आज प्रतिवादीला बगीच्याच्या वरच्या टोकाला भेग बुजवताना पाहिलं. चंद्राच्या कोरीसारखी वाकडी, लांबच लांब भेग. तो आणि त्याची बायको सीताबाई टोपल्यांनी माती आणि शेण टाकत होते. यात काही बेकायदेशीर नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटतेच, आणि माणूस ती बुजवतोच, नाही तर बैलाचा पाय जातो. पण वकील म्हणाले होते जे दिसेल ते लिहा, म्हणून लिहिलं.

कुंताबाई म्हणाली की मागच्या महिन्यातही त्यांनी तीच भेग बुजवली होती. तिला त्यांच्या घरची खबर कुठून लागते कोण जाणे. आमचं बोलणं बंद आहे. बहुतेक बाजारात ऐकली असेल.

८ जून

विजय. पटवारी मोतीलाल साखळी घेऊन आला. सडकेपासून धुऱ्याच्या दगडापर्यंत मोजलं. माझी जागा कमी भरली. किती कमी ते त्याच्या कागदावर आहे. मग वर जाऊन बगीचा मोजला, तर प्रतिवादीची जागा तितकीच जास्त. मोतीलाल म्हणाला, "बात साफ है, बंडूजी. पण कोणी दगड हलवताना पाहिलं का?" मी म्हणालो, पाहिलं नाही, ऐकलं आहे. त्याने ते लिहिलं नाही.

प्रतिवादी कमरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "मी दगडाले हात नाई लावला. तुह्या पोटात पाप असन तर तू म्हण." मी वकिलांच्या सांगण्याप्रमाणे त्याच्याकडे पाहिलं नाही, मोतीलालकडे पाहून म्हणालो की त्याला सांगा, जे काही बोलायचं ते आर्वीला बोल. तो तीन हातांवर उभा होता.

दार पुन्हा तासून घेतलं. आता खाली एवढी फट राहते की मांजर सरळ आत येतं.

१९ जुलै

मंगरू आणि त्याची बायको रामबाई खदानीवर आहेत. दोघं आपसांत त्यांच्या गोंडीत बोलतात. माझे कान तिखट असून उपयोग होत नाही, ही एकच जागा. रामबाई आज म्हणाली, "शेठ, काल सांजेले तळ साफ केलता. सकाळी पाहा तं खालपर्यंत मुरूम येऊन पडला. आमी खोदून राह्यलो का टेकडी खोदून राह्यली?"

मी जाऊन पाहिलं. खरोखरच वरचा कडा आपोआप ढासळून मुरूम पायाशी येऊन पडतो. सब्बल मारून फोडायची गरज नाही, नुसता फावड्याने भरायचा. सडकेचं काम जोरात आहे, बंड्या उभ्या आहेत, आणि अशा वेळी देवाने माल दारात आणून टाकावा! दोघांना सांगितलं की आता खोदू नका, फक्त भरा.

मनोहररावांना पत्र लिहून विचारलं होतं की वाद चालू असताना खदान चालू ठेवू का. त्यांचं उत्तर आलं : अवश्य ठेवा, थांबवलीत तर कबुली दिल्यासारखं दिसेल.

२८ ऑगस्ट, पोळा

पोळ्याच्या तोरणाखाली माझी जोडी आणि त्याची जोडी दरसाल शेजारी उभी राहते. औंदा मी मुद्दाम चार जोड्या सोडून उभा राहिलो. बैलांना कोण समजावणार. माझा पवळ्या मान वळवून त्याच्या बैलाकडे पाहत होता, सारं गाव हसत होतं.

मग बैलांपुढे म्हणायच्या झडत्या सुरू झाल्या. प्रतिवादी पुढे आला आणि माझ्याकडे पाहून, हात वर करून म्हणाला :

"घुशीनं पोखरलं कोठार, म्हणे मांजर खाते,
बंडूनं खोदला मुरूम, म्हणे नत्थू नेते,
हर बोला, हर हर महादेव!"

साऱ्यांनी महादेव केला. मला राग आला, पण झडतीला झडतीनेच उत्तर द्यावं लागतं, वकील चालत नाही. मी म्हणालो :

"फटफट करे इंजन, संत्र्याले पाणी पाजे,
शेजाऱ्याचा धुरा ओढे, पोट नाई लाजे,
हर बोला, हर हर महादेव!"

माझ्या महादेवाला आवाज जास्त आला. घरी येताना मात्र करमलं नाही. पोळ्याला घरोघर बैल फिरवून झाले की मी आणि नत्थू एकाच पाटावर जेवायचो. आता तो पाट स्वयंपाकघरात उभा केलेला आहे. (नाव लिहिलं गेलं. वकिलांनी ही ओळ वाचू नये.)

३० ऑगस्ट

कुंताबाईने आज दोरी पुन्हा ओढून बांधली. गुंडाळून उरलेला शेपटा माझ्यापुढे आणून टाकला. चांगला माझ्या उंचीइतका. म्हणाली, "दोरी लांब होऊन नाई राह्यली. निंब जवळ येऊन राह्यला."

मी म्हणालो, झाड कसं येईल.

ती म्हणाली, "तेच मी विचारते. दगड नत्थूभाऊजीनं सरकवला म्हणता. मंग निंब कोणं सरकवला?"

मी बराच विचार केला. निंब आत्ता थोडा वाकला आहे हे खरं. वाकल्यामुळे जवळ आल्यासारखा दिसत असणार. तिला तसं सांगितलं. ती काही बोलली नाही, दोरी घेऊन गेली. बाईमाणूस न बोलता गेलं की तो मुद्दा आपल्या बाजूने धरता येत नाही, एवढं मला कळतं. उद्या वकिलांना निंबाबद्दल लिहावं की नाही ते ठरवीन.

५ सप्टेंबर

चार दिवस झड लागली आहे. सूर्य नाही. जमिनीतला आवाज रोज येतो. या पावसातही तो दगड ओढतो, म्हणजे हद्द झाली. निंबाबद्दल लिहिलं नाही.

९ सप्टेंबर

आज अक्षर शिक्क्यासारखं येणार नाही.

आज सकाळी पाऊस चालूच होता. मंगरू आणि रामबाई खदानीत कड्याच्या पोटाखाली, जिथे आत खोदून गुहेसारखं झालं आहे, तिथे पाऊस चुकवत बसले होते. कुंताबाई चुलीपाशी. मी समोरच्या ओट्यावर. आणि डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन प्रतिवादी फाटकातून आत आला. मे महिन्यापासून पहिल्यांदा.

मी बसा म्हणालो. दुश्मन असला तरी ओट्यावर आला. तो बसला, गुडघ्यांवर हात ठेवले. धापा टाकत होता. मी म्हणालो की काय असेल ते वकिलामार्फत सांगावं.

तो म्हणाला, "वकिलाले मरू दे. वहिनीले बाहेर काढ."

मी विचारलं, काऊन.

तो म्हणाला, "ते भेग. पाऊस लागून तीन महिने झाले, साऱ्या वावरातल्या भेगा मिटल्या. काळ्या मातीची भेग पावसात मिटतेच ना? हे मिटली नाई. मी बुजवतो, ते पुन्हा तोंड उघडते. आज सकाळी पाह्यलं तं त्याच्यात माह्या बैलाची मान जाईन. खालची बाजू कमरेइतकी दबली. बंडू, सारा बगीचा घेऊन ते टेकडी तुह्याकडे येऊन राह्यली."

मला वाटलं, हा दाव्यातला नवा डाव आहे. माणूस जमीन चोरतो आणि नाव टेकडीवर घालतो. मी तसं म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आवाज आला. तोच. जात्यात खडे पडल्यासारखा, घर्र, घर्र. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

मी आवाज ऐकत होतो आणि त्याचे हात पाहत होतो. हे किती वेळ चाललं सांगता येत नाही. मग आवाज बंद झाला नाही. आजवर तो बंद व्हायचा. आज तो वाढत गेला.

मी खदानीकडे पळालो. नत्थू घरात शिरला. मी मंगरूला हाक मारली तर तो म्हणाला, "पाऊस थांबू द्या ना, शेठ." त्याला वाटलं मी कामाला लावायला आलो. जन्मात पहिल्यांदा मी मजुराला काम सोडून पळ म्हणालो, त्यामुळे त्याला ते समजेना. रामबाईला समजलं. तिने नवऱ्याला दंडाला धरून ओढलं, मी दुसऱ्या दंडाला. आम्ही सडकेवर पोचलो आणि मागे पाहिलं.

कुंताबाई सवयीने मागच्या दाराकडे गेली होती. दार अडकलं होतं. ती ते ओढत होती. नत्थूने तिला धरून पुढच्या दाराने बाहेर आणलं. तिच्या हातात पोळ्याचा पाट होता. का घेतला, तिलाही माहीत नाही.

मग टेकडी आली. धावत नाही आली. वरातीसारखी आली, हळू, सगळ्यांना घेऊन. संत्र्याची झाडं उभीच्या उभी, फळांसकट. खदान भरली. मग अंगण. मग स्वयंपाकघराची मागची भिंत आत आली, छप्पर बसलं, आणि थांबलं. सगळ्यात पुढे निंब होता. अंगणात येऊन जरा डुलला, वाकडाच्या वाकडा उभा राहिला. दोरी अजून त्याला बांधलेली होती. दुसरं टोक मातीत गेलं होतं.

मग रामबाई म्हणाली, "शेठ, आता भरू का?" आणि रडायला लागली.

१० सप्टेंबर

रात्री आम्ही नत्थूच्या घरी होतो. त्याचं घर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे, त्याला काही झालं नाही. सीताबाईने पाट पुसला, ताट वाढलं. कुंताबाईला सीताबाईच्या घरातला मिठाचा डबा न विचारता सापडला.

१६ सप्टेंबर

तालुक्याहून ओव्हरसियर आला. सारं हिंडून पाहिलं, आणि ओट्यावर चहा घेताना सांगितलं. टेकडीवर खाली मुरूम, वर काळी माती. वरून भेगेत पाणी मुरत गेलं की माती आणि मुरूम यांच्या मधे चिखलाचा थर होतो, शेवाळलेल्या फरशीसारखा. तरी ती माती थांबून असते, कारण खाली तिचा पाय असतो. पाय खणून काढला की ती यायला मोकळी.

मी म्हणालो, म्हणजे मुख्य गोष्ट पाणी. पाणी नत्थूचं.

नत्थू म्हणाला, "साहेब पाय म्हणाले. पाय बंडूनं खोदला."

ओव्हरसियर म्हणाला, "तुम्ही दोघांनी मिळून केलं. एकट्याच्यानं जमलं नसतं."

उपाय त्याने सांगितला. बगीच्याच्या वर आडवी नाली काढून पावसाचं पाणी बाजूच्या नाल्यात न्या. भेग शेणाने नाही, चिकणमाती ठोकून बुजवा. झाडांना पाणी बेताने द्या. पायथ्याला दगडांचा भराव घाला, मागचं पाणी निघायला त्यात वाटा ठेवा, आणि तिथून एक टोपलं मुरूमही पुन्हा काढू नका. उतारावर गवत राहू द्या. सारं सोपं आहे. हे मे महिन्यात ओव्हरसियरला विचारायला हवं होतं. पण तेव्हा मला वकील हवा होता.

मनोहररावांचं पत्र आलं. लिहितात की आपली बाजू आता फारच बळकट झाली आहे, कारण प्रतिवादीचा संपूर्ण बगीचा आपल्या स्वयंपाकघरात आला आहे, आणि याहून स्पष्ट अतिक्रमण त्यांनी आपल्या वकिलीत पाहिलेलं नाही. मी पत्र नत्थूला वाचून दाखवलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

२४ नोव्हेंबर

नाली झाली. पायथ्याचा दगडी भराव होत आला. दगड नदीकाठून बंडीने आणतो. मी बैल हाकतो, नत्थू मागे दगडांवर झोपतो. कसा झोपतो देव जाणे. माझा मुरूम सारा सडकेत गेला आहे, त्यावरून बंडी छान चालते. अंगणात आलेल्या झाडांवरची संत्री पिकली. कोणाची म्हणायची यावर अजून बोलणं झालेलं नाही. दोन्ही घरी खाणं चालू आहे.

आज मोतीलाल पुन्हा साखळी घेऊन आला. धुरा कायम करायचा होता. सडकेपासून मोजत वर गेला, जुन्या कागदाप्रमाणे जागा सापडली, तिथे काठी रोवली. म्हणाला, "आता दगड आणा."

दगड निंबाच्याही पुढे घरंगळून स्वयंपाकघराच्या पडक्या भिंतीखाली गेला होता. आम्ही माती काढून मोकळा केला. सारं गाव जमलं होतं, कारण असल्या वेळी कोणाला काम नसतं. मोतीलाल म्हणाला, हद्दीच्या दगडाला सरकारी माणूस हात लावत नाही. मी नत्थूकडे पाहिलं. नत्थू म्हणाला, "मी नाई लावत बाप्पा. एकदा न लावता वकील लागला होता." लोक हसले. मीही लावेना. भर गावात धुऱ्याचा दगड उचलताना कोण दिसणार? मंगरू पुढे आला तर रामबाईने त्याला मागे ओढलं. म्हणाली, "ज्याचे भांडण, त्यानं उचलावा."

मग मी एका बाजूला वाकलो आणि नत्थू दुसऱ्या बाजूला. कुंताबाई आणि सीताबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. या दोघी कधीपासून बोलायला लागल्या ते काही मला ऐकू आलेलं नाही.

दगड उचलला. अंगण ओलांडेपर्यंत एकदा खाली ठेवावा लागला. भरावावर चढताना पुन्हा ठेवला. निंबाच्या जुन्या जागेपाशी पोचेपर्यंत दोघांनाही धाप लागली होती, आणि नत्थूचा अंगठा चेंगरला. काठी काढून दगड बसवला, भोवती माती ठोकली.

फार जड होता. एकट्या माणसाला तो हललाच नसता.